बागकाम मार्गदर्शकाचं प्रशिक्षण: नऊ महिन्यांनंतर, आणि तो सामू-मीटर

वर्गात काय शिकवतात ते सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून पुन्हा लिहीत नाही. आमच्याकडे ४० तास वर्ग आणि वर्षभरात ५० तास लोकांना मोफत सल्ला, असा नियम आहे. माझे ३८ तास भरलेत. आज लिहायला बसले, कारण प्रशिक्षणाच्या साहित्यसंचातल्या सामू-मीटरचा (सामू म्हणजे पीएच, माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) काटा मागच्या आठवड्यात एका जागी अडकला तो अडकलाच. हा दुसरा मीटर.

तोच तो, दोन सळ्यांचा, बॅटरी नसलेला. दोन वेगळे धातू ओल्या मातीत खोचले की बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावर काटा हलतो. म्हणजे सामूपेक्षा ओल आणि क्षार यांचाच त्याच्यावर जास्त परिणाम होतो. हे वर्गात कुणीही सांगितलं नाही. मला ते एका आजोबांच्या गुलाबांवर कळलं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी, नवी पडली तर लोह कमी. कारण लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहसा जात नाही. एवढं मला पाठ होतं. पण मीटर ६.५ दाखवत होता, आणि त्या सामूला लोह सहसा कमी पडत नाही. मी काट्यावर विश्वास ठेवला आणि पाणी कमी करायला सांगितलं. सहा आठवड्यांत शेंडे पांढरट झाले. मग माती प्रयोगशाळेत दिली. सामू ८.१! हे माप दहाच्या पटीत चालतं, १.६ चा फरक म्हणजे आम्लतेत जवळपास ४० पट. अशा अल्कधर्मी मातीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, लागतं; साधं घातलं तर मातीतच अडकून बसतं. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तक्रार केली, तर तसाच दुसरा मीटर हातात दिला. एकाच कुंडीत दोन्ही खोचले. एक ६ म्हणाला, दुसरा ७.२. 'वापरायची सवय लागते,' असं उत्तर मिळालं. सवयीने चुकीचा आकडा बरोबर होत नाही! ज्या वस्तूमुळे सल्ला चुकतो, तिचे पैसे आमच्या शुल्कात का धरायचे?

तेव्हा सोडायचं जवळपास ठरलं होतं. थांबले ती एका सत्रामुळे, जे तेव्हा मला वेळेचा अपव्यय वाटलं होतं. दोघांची जोडी करायची. एक बागवाला, दुसरा मार्गदर्शक. मार्गदर्शकाने दहा मिनिटं फक्त विचारायचं, उत्तर द्यायचं नाही. अशा स्वयंसेवकांची पद्धत १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने सुरू केली, तीच मुळी घरगुती बागवाल्यांचे प्रश्न तज्ज्ञांना आवरेनात म्हणून. मला मात्र या सत्राचं मोल टोमॅटोवर कळलं. एका ताईंच्या टोमॅटोचं बूड काळं पडत होतं. सगळ्यांनी त्यांना कॅल्शियम घालायला सांगितलेलं. मी विचारत गेले: पाणी कोण घालतं, सुट्टीच्या दिवशी काय होतं? दोन दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. मातीत कॅल्शियम असलं तरी अशा पाण्यात ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित झालं, आच्छादन घातलं, पुढची फळं स्वच्छ आली. त्या दिवशी मला खरंच फार आनंद झाला.

मातीत वाळू, पोयटा (बारीक गाळ) आणि चिकणमाती किती ते पाहायची बरणीची चाचणीही उत्तम, फुकटात होते. माती पाण्यात हलवून ठेवायची. वाळू मिनिटाभरात खाली, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळच. सामूसाठी मात्र आता पाच-सहा ठिकाणची, १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेतच पाठवते.

मीटर परत केलाय, पैसे मागितलेत, उत्तर अजून नाही. राहिलेले १२ तास मी भरणार आहे. त्यातले पहिले दोन त्या आजोबांकडे.