गाभण मांजरीसाठी रॉयल कॅनिन मदर अँड बेबीकॅट : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घरात मांजर गाभण आहे आणि तिला खायला काय द्यावं कळत नाहीये अशा सगळ्यांसाठी लिहितेय. मी वापरलं ते रॉयल कॅनिनचं मदर अँड बेबीकॅट, त्यातलं कोरडं, आधी ४०० ग्रॅमचं पाकीट आणि चिंगीला आवडल्यावर २ किलोचं. पाचपैकी साडेचार स्टार, आणि तो अर्धा फक्त किमतीसाठी कापलाय, बाकी तक्रार नाही.

चिंगी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमधली, पावसाळ्यात वर आली आणि आमचीच झाली. नसबंदीच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे नेली तर त्यांनी पोट चाचपून सांगितलं की ही गाभण आहे, मग सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके पण दिसले. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात, म्हणजे सगळे मिळून नऊच आठवडे, आणि तिसऱ्या आठवड्यात सड गुलाबी व्हायला लागतात तोवर तर आपल्याला पत्ताच नसतो, त्यामुळे खाण्याचं बघायला हातात वेळ कमी असतो.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं आमच्या वाड्यातल्या मांजरी दूध-पोळीवर व्यायच्या, त्यांना कोण पाकिटं आणत होतं." आई म्हणतात ते खरंच आहे, पण त्या मांजरी दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या मारून खायच्या, दूध-पोळी वरचं होतं, पोट शिकारीवर भरायचं. फ्लॅटमधली मांजर आपण वाटीत जे घालू तेवढंच खाते, तिला दुसरा मार्गच नाही. आणि मांजरीला टॉरीन नावाचं एक द्रव्य बाहेरूनच लागतं, ते मांस-माशात असतं, पोळीत नसतंच आणि दुधात अगदी नावाला. गाभणपणात ते कमी पडलं तर गर्भ पोटातल्या पोटात विरघळतात नाहीतर पिल्लं मेलेली किंवा फार अशक्त जन्मतात. शिवाय मोठ्या मांजरींना गाईचं दूध बऱ्याचदा पचत पण नाही, जुलाब होतात आणि या दिवसांत जुलाब अजिबात परवडणारे नाहीत. हे मी आईंना समजावून सांगितलं आणि नंतर चिंगीची वाटी भरायचं काम त्यांनीच हौसेने घेतलं.

दुसरा पर्याय बरेच जण सुचवतात तो उकडलेलं चिकन आणि भात. अधूनमधून ठीक आहे, आम्ही पण द्यायचो, पण रोजचं जेवण म्हणून नाही कारण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. मग लोक काय करतात, ते भरून काढायला मनानेच कॅल्शियमचं सिरप सुरू करतात. प्लीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. गाभणपणात वरून जास्तीचं कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं काम मंदावतं, आणि व्यायल्यावर दूध उतरतं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊन मांजर थरथरायला लागते, फिट्स पण येऊ शकतात. कुत्र्यांपेक्षा मांजरींमध्ये हे कमी होतं, पण होतं. तयार खाण्याचा मोठा फायदा मला हाच वाटला, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं, आपल्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. यात प्रोटीन ३४ टक्के आणि फॅट २५ टक्के. याच कंपनीचं मोठ्या मांजरींचं फिट ३२ आहे त्यात फॅट १५ टक्के. हा फरक शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत फार उपयोगाला येतो, कारण पिल्लांनी पोटात एवढी जागा घेतलेली असते की मांजरीला एका वेळी जास्त खाताच येत नाही, चार दाणे खाते आणि बाजूला होते, म्हणून थोडक्यात जास्त ताकद देणारं खाणं हवं. आम्ही दिवसभर थोडं थोडं ठेवायचो, ती येता जाता खायची. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, सगळ्यात जास्त भूक गाभणपणात नाही तर पिल्लं पीत असताना लागते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. तेव्हा चिंगीची वाटी रिकामी ठेवलीच नाही आम्ही.

दाणे एकदम बारीक आहेत आणि कोमट पाण्यात भिजवले की मऊ होतात. आधीच्या खाण्यात मिसळून आठवडाभरात हळूहळू वाढवत नेलं, एकदम बदललं तर पोट बिघडतं. याचंच मूस, म्हणजे मऊ ओलं खाणं, पण येतं डब्यात, १९५ ग्रॅमचं, ते चिंगीने मिटक्या मारत खाल्लं पण रोज द्यायला खिसा मोठा लागतो, व्यायल्यानंतर अंगात जीव नसतो तेव्हा एखाद-दोन डबे आणून ठेवा, त्या वेळी फार कामाला येतात.

खाणं कितीही चांगलं असलं तरी डॉक्टरांना पर्याय नाही हे पण लिहायलाच हवं. ४५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लांची हाडं दिसतात आणि किती आहेत ते मोजता येतात. आम्ही काढला, चार होती, त्यामुळे चौथं बाहेर आल्यावर जीव भांड्यात पडला, नाहीतर अजून एखादं आत आहे का या काळजीत रात्र गेली असती. व्यायच्या आदल्या दिवशी तिने खाणं जवळजवळ सोडलं आणि कपाटात शिरायला लागली, तर खोका, त्यात आईंची जुनी सुती साडी, असं आधीच तयार ठेवलं होतं. जोरात कळा देतेय आणि अर्ध्या तासात काहीच बाहेर येत नाही असं झालं तर वाट बघू नका, उचला आणि डॉक्टरांकडे न्या, आणि चोवीस तास चालू असणारा दवाखाना कुठे आहे ते आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. गोचीड-पिसवांचं कुत्र्यांचं औषध मांजरीला कधीच लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजरीचा जीव घेऊ शकतं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, चिंगीने पण दुसऱ्याच जागी न्यायला सुरुवात केली होती. आम्ही वाटी, पाणी आणि लिटर म्हणजे तिची शी-शूची वाळू तिच्या खोक्याच्या जवळ (अगदी चिकटून नाही) आणलं, पाहुण्यांना खोलीत बंदी केली, मग ती थांबली. पिल्लं रोज किचनच्या वजनकाट्यावर ठेवायचो, जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास असतात आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवीत, आमची चौघंही छान वाढली आणि याचं श्रेय मी चिंगीच्या दुधाला आणि त्यामागे या खाण्याला देते. महिन्याभराची झाल्यावर तिच्याच वाटीत तोंड घालायला लागली. हे मला सगळ्यात आवडलं, आईचं आणि पिल्लांचं पाकीट एकच, फक्त पिल्लांना भिजवून द्यायचं.

किंमत जास्त आहे, मान्य. २ किलोचं ग्रॅममागे स्वस्त पडतं पण पहिल्यांदाच मोठं घेऊ नका, मांजरीने तोंड फिरवलं तर काय करणार. मी एकदा ऑनलाइन मागवलं तर विकणाऱ्याने एक्सपायरीला जेमतेम महिना उरलेलं पाकीट पाठवलं, ते परत केलं आणि तेव्हापासून जवळच्या दुकानातून तारीख बघून घेते. काही दुकानांत मोठी गोणी फोडून सुटं विकतात, स्वस्त असतं पण आपल्या मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत ते दमट होतं, आणि तारीख कुठे बघणार, गाभण मांजरीला तरी ते नको. बजेट नसेल तर व्हिस्कस किंवा ड्रूल्सचं पिल्लांचं खाणं, किटन लिहिलेलं, ते घ्या. मोठ्या मांजरींचं देण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

पिल्लांचं दूध तुटल्यावर मांजरीला हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा, नाहीतर एवढ्या फॅटवर ती जाड होईल. आणि पिल्लं पीत असतानाही मांजर माजावर येऊन परत गाभण राहू शकते, म्हणून तेवढे दिवस दारं-खिडक्या बंद, बोका जवळपास फिरकता कामा नये, आणि ऑपरेशनची तारीख डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून टाका. दुकानात मागताना नाव पूर्ण सांगा, याच कंपनीचं नुसतं किटन पण येतं, ते जरा मोठ्या पिल्लांसाठी, १२ महिन्यांपर्यंतच्या, आणि बऱ्याचदा काउंटरवर तेच हातात ठेवतात.