पॅरेंटल कंट्रोलच्या नावाखाली २५,९९८ रुपयांचा चुना

आधी आकडे सांगते. २,४९९ + ४,९९९ + १८,५००. झाले २५,९९८ रुपये. आणि एवढ्या पैशांत मला काय मिळालं, तर एक टेक्स्ट फाइल. वाढवून सांगत नाहीये, खरोखर एक टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडते.

घरात कॉम्प्युटर एकच, तोच सगळ्यांचा. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. ब्राउझरच्या हिस्टरीत मुलाने नको ते उघडलेलं दिसलं, काय ते विचारू नका, आणि मी त्याच रात्री 'पॅरेंटल कंट्रोल', म्हणजे मुलांसाठी नको त्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर, असं टाकून शोधायला बसले. आता कोणी म्हणेल जाहिरातीवर कशाला क्लिक केलं. अहो, वरचे रिझल्ट पैसे देऊन लावलेले असतात एवढं मलाही कळतं, म्हणून तर मी ते सोडून खालचे तुलनेचे लेख वाचले, 'दहा सर्वोत्तम' वगैरे, आणि त्या सगळ्या लेखांत एक नंबरला एकाच सॉफ्टवेअरचं नाव, मी घेतलं ते. एका मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं, एखाद्या अक्षराचा फरक. त्या लेखांच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आमच्या लिंकवरून खरेदी झाली तर आम्हाला कमिशन मिळतं. ते तेवढं आधी वाचा, बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

साइटवर कुलपाचं चिन्हही होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे जातं-येतं ते मधल्या कोणाला वाचता येत नाही. समोरचा चोर असेल तर तुम्ही चोराशी अगदी सुरक्षितपणे बोलत असता. त्या कुलपासाठी साइटला लागणारं सर्टिफिकेट कोणालाही फुकट मिळतं.

तर २,४९९ ला 'लाइफटाइम फॅमिली प्लॅन'. हे लाइफटाइम दिसलं की सरळ टॅब बंद करा. नव्या साइट रोज निघतात, त्यांची यादी कोणाला तरी रोज ताजी ठेवावी लागते, तेव्हा साइट अडवणारा फिल्टर चालतो. एकदा २,४९९ घेऊन जन्मभर हे कोण करत बसणार? मला हे आज सुचतंय ते ठीक आहे, पण त्या रात्री समोर मुलाची हिस्टरी उघडी होती, आणि घाबरलेल्या आईबापांवरच यांचा धंदा चालतो.

पैसे भरले आणि लगेच त्यांच्या माणसाचा फोन. 'मॅडम, इन्स्टॉलेशन मोफत आहे, तुम्हाला काहीच करायचं नाही.' एक रिमोटचं ॲप, म्हणजे त्याला लांबून माझा कॉम्प्युटर चालवता येईल असं, टाकायला लावलं, कोड मागितला, माउस आपोआप फिरायला लागला. बोलायला इतका अदबशीर की काय सांगू, मध्येच म्हणाला आम्ही पण मुलंबाळंवाली माणसं आहोत मॅडम. अँटीव्हायरस बंद करायला सांगितला, म्हणे तो आमच्या फिल्टरला अडवतो. मग सर्टिफिकेट टाकायचं का असं विंडोजने इशारा देऊन विचारलं, तो म्हणाला 'येस' करा, मी केलं. त्यानंतर ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन, त्यालाही परवानगी.

आणि मग त्याने नोटपॅड उघडलं.

ह्याच क्षणावर माझं डोकं अजून अडकलंय. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच स्क्रीनवर, त्याने एक फाइल उघडली आणि तिच्यात कुठून तरी कॉपी केलेल्या ओळी पेस्ट केल्या. प्रत्येक ओळीत आधी तेच ते शून्याचे आकडे आणि पुढे एका साइटचं नाव. जेमतेम एक स्क्रीनभर. शेजारी मुलगी बसली होती, ती म्हणाली, 'आई, तो काका टाइप का करतोय? सॉफ्टवेअर कुठंय?' चौथीतली मुलगी! मी त्याला विचारलं सुद्धा, हे विसरू नका, मी विचारलं की हे काय करताय. तो शांतपणे म्हणाला, 'डेटाबेस लोड होतोय मॅडम.' आणि त्याने त्यातली एक साइट उघडून दाखवली, उघडली नाही. दुसरी, उघडली नाही. आता सांगा, समोर साइट बंद झालेली दिसतेय म्हटल्यावर कोण काय समजणार? मी अकाउंट्समध्ये काम करते, हिशोबातला एक रुपया माझ्या नजरेतून सुटत नाही, पण विंडोजच्या पोटात कुठली फाइल काय करते हे मला माहीत असायचं कारण काय? डॉक्टरला आपण विचारतो का सुई कुठल्या कंपनीची आहे म्हणून? तरी मुलीचा तो प्रश्न आठवला की स्वतःचाच संताप येतो. कारण त्याने कुठली साइट उघडून दाखवली? त्याच्याच यादीतली! मी सांगेन ती उघडून दाखव एवढं एक वाक्य मी बोलले असते तर २,४९९ वर भागलं असतं.

तिथेच थांबला नाही तो. इव्हेंट व्ह्यूअर म्हणून विंडोजच्या नोंदींची एक खिडकी उघडली, त्यात लाल खुणा. 'मॅडम, तुमच्या मुलाने आधीच बरंच काही आत आणून ठेवलंय.' त्यावर उपाय म्हणून ४,९९९ चं 'होल डिव्हाइस शील्ड'. त्या लाल खुणा कोणत्याही चालत्या विंडोजमध्ये असतात. तुमच्यात पण असतील, उघडून बघा. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. पण मी मात्र तेव्हा मुलाला बोलावून सगळ्यांसमोर झापलं, आणि ते माझ्या मनाला जास्त लागलंय, पैशांपेक्षा.

नंतर काय झालं तर मुलाला तीच साइट परत उघडताना पाहिलं. विचारलं तर म्हणतो पुढचं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू काढून टाकलं की उघडते. मग भाच्याला बोलावलं, तो याच क्षेत्रात आहे. त्याने ती फाइल उघडली आणि हसायलाच लागला. 'मावशी, ही होस्ट्स फाइल आहे, विंडोजबरोबरच येते.' त्यात साइटच्या नावापुढे खोटा पत्ता लिहिला की कॉम्प्युटर चुकीच्या दारी जातो, एवढंच. जे नाव जसं लिहिलंय तेवढंच अडतं, डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू असलेलं वेगळं आणि नसलेलं वेगळं, मोबाइलची आवृत्ती आणखी वेगळी. जगातल्या असल्या साइट एका स्क्रीनभर यादीत बसतात का? सॉफ्टवेअर असं काही नव्हतंच, फक्त डेस्कटॉपवर ढालीचं चित्र असलेला एक शॉर्टकट होता.

हसू थांबलं ते सर्टिफिकेट दिसल्यावर. एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलपाच्या साइटवर कुठलं पान, काय मजकूर, हे मधल्या कोणाला दिसत नाही, फार तर साइटचं नाव कळतं. आतलं वाचायचं तर एक्स्टेंशन टाकावं लागतं, किंवा स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या शब्दावर कॉम्प्युटर साइटला खरी मानतो ते, घुसवून मध्ये बसावं लागतं. काही खरी फिल्टर सॉफ्टवेअरही असंच करतात, पण म्हणजे तुमचं नेट बँकिंगसुद्धा मधल्या माणसाच्या हातातून जाऊ शकतं. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं सापडलं, त्यानेही हेच केलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपवर सर्टिफिकेटची किल्ली एकच, ती फुटली आणि बोंब झाली. त्यातला कोमोडिया नावाच्या कंपनीचा कोड काही पॅरेंटल कंट्रोल सॉफ्टवेअरमध्येही निघाला होता. तेव्हा कुठल्याही फिल्टरने सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर का ते विचारा, आणि उत्तर गोल गोल आलं तर फोन ठेवा.

आता १८,५०० ची गोष्ट, जी सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी रिफंड मागितला. लगेच हो म्हणाले! तिथेच संशय यायला हवा होता, पैसे परत द्यायला इतका उत्साह कोणाला असतो? परत तेच रिमोट, नेट बँकिंग उघडा म्हणाला, ७,४९८ जमा करतोय. स्क्रीन क्षणभर काळी झाली, परत आली तर २५,९९८ जमा! आणि तो फोनवर रडायलाच लागला, माझ्या हातून आकडा चुकला मॅडम, जास्तीचे १८,५०० परत नाही आले तर माझी नोकरी जाईल. मी पाठवले. प्रामाणिकपणे पाठवले, दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे नकोत म्हणून, आणि त्याचंच हे फळ. प्रत्यक्षात जमा काहीच झालं नव्हतं. ब्राउझरमध्ये समोर दिसणाऱ्या पानावरचा कुठलाही आकडा आपल्या आपण बदलता येतो, बँकेत काही बदलत नाही, पान रिफ्रेश केलं की खरा आकडा येतो. मला दहा रुपये आले तरी बँकेचा मेसेज येतो, तेव्हा आला नाही, तर हा म्हणे सर्व्हर स्लो आहे. स्क्रीनवर जमा म्हणून जो आकडा त्याने दाखवला, माझा एकूण तोटा बरोब्बर तेवढाच झाला, हे हिशोब केल्यावर लक्षात आलं.

बँकेत गेले. 'मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय.' हो, मीच केलाय, म्हणून तर तक्रार करतेय, दुसऱ्याने केला असता तर मला कळलं तरी असतं का? समोरचं खातं निदान गोठवा म्हटलं तर म्हणे आधी पोलिसांचा कागद आणा. पोलिसांकडे गेले तर हे आमच्याकडे नाही, सायबरवाल्यांकडे जा. तिथल्या साहेबांनी रक्कम विचारली आणि ऐकून चेहराच पाडला, म्हणाले इथे लोक पंचवीस लाख घालवून येतात. म्हणजे काय, माझे थोडे गेले म्हणून मी पेढे वाटू? आरोपीचं नाव-पत्ता काय? अहो तो माहीत असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते! सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून द्या, दोन प्रतींत. दिले. मग ते काळेपांढरे आहेत, रंगीत आणा. पेमेंट कंपनी म्हणते विक्रेत्याशी बोला, आणि तो विक्रेता म्हणजे ज्याने फसवलं तोच! ज्या सर्च इंजिनवर याच सॉफ्टवेअरची जाहिरातही होती तिथे तक्रार केली तर उत्तर आलं की धोरणांचं उल्लंघन आढळलं नाही. जाहिरात अजून चालू आहे, मी मुद्दाम बघते. माझी तक्रार 'प्रक्रियेत' आहे. प्रक्रिया म्हणजे नेमकं कोण काय करतंय हे विचारलं की फोन दुसरीकडे जोडतात, तिथे संगीत लागतं. सगळे मिळून मला एकच सुनावतात, जास्त काळजी घ्यायला हवी होती. ते मला कळलंय हो, पुढचं बोला!

तुमच्यावर वेळ आलीच तर कागद-प्रिंट नंतर, पहिल्या तासाभरात बँकेला आणि सायबर हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर सरकतात. आणि कॉम्प्युटर आधी इंटरनेटपासून तोडा. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, त्याच्यावरून नाही.

सगळ्यात चीड कशाची येते तर हे सगळं फुकट मिळत होतं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे, मुलाचं वेगळं अकाउंट काढायचं, त्यात वेब फिल्टर चालू करायचा. तो फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून बाकीचे नेहमीचे ब्राउझर तो स्वतःच अडवतो, त्यावरून आमच्याकडे दोन दिवस भांडण झालं ते सोडा. मॅकवर त्यासाठीच २०१९ पासून स्क्रीन टाइम आहे. भाच्याने राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बदलून १.१.१.३ टाकला, क्लाउडफ्लेअरचा कुटुंबासाठीचा, २०२० पासून फुकट आहे, प्रौढ साइट आणि मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) दोन्ही अडवतो. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचा २०८.६७.२२२.१२३ आहे. मात्र मुलाच्या अकाउंटला ॲडमिनचे, म्हणजे सगळं बदलायचे हक्क ठेवलेत तर यातलं काहीही तो पाच मिनिटांत काढून टाकेल. आमचं तेच होतं, सगळे एकाच ॲडमिन अकाउंटवर. आणि व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) लावला किंवा फोनच्या डेटावर गेला तर राउटरचं फिल्टर बसलं हात चोळत. जो कोणी 'शंभर टक्के सुरक्षित' म्हणेल तो खोटं बोलतोय, पैसे घेणारा असो की न घेणारा.

विकतच घ्यायचं असेल तर काही दिवस फुकट वापरून बघायला देतात तेच घ्या, आपोआप नूतनीकरण कुठे बंद होतं ते कार्ड टाकायच्या आधी शोधा, आणि इन्स्टॉल स्वतः करा.

आणि आता नवीन नाटक. परवा एक फोन आला, आपण सायबर रिकव्हरी विभागातून बोलतोय, तुमचे २५,९९८ सापडलेत, फक्त १,५०० प्रोसेसिंग फी भरा. रक्कम अगदी बरोबर माहीत होती त्याला. ती कुठून कळली? अर्थात त्याच टोळीकडून, एकदा गळाला लागलेल्यांची यादी हे लोक पुढे विकतात. मी म्हटलं, त्या २५,९९८ मधूनच १,५०० कापून घे आणि बाकीचे पाठव. फोन कट.