मिसिसिपी, आर्कान्सा की वेस्ट व्हर्जिनिया: वेव्हरची तीन वर्षं कुठे काढावीत?

भाचा डॉक्टर, ओहायोत रेसिडेन्सीच्या, म्हणजे इस्पितळातल्या प्रशिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. जे-१ व्हिसावर आलेला. म्हणजे शिक्षण संपलं की एकतर दोन वर्षं भारतात परत, नाहीतर डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. या 'वेव्हर'साठी, म्हणजे परत जाण्याच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीसाठी, त्याच्यापुढे तीन ठिकाणं आहेत: मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ, आर्कान्सात हेलेनाजवळ आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेला कोळशाच्या पट्ट्यात. बायको घरून डेटाचं काम करते, मुलगी चार वर्षांची. "मावशी, तिन्ही गरीब राज्यं. त्यातल्या त्यात बरं कुठलं?" असं त्याने विचारलं आणि माझे दोन रविवार त्यात गेले.

बदनामीत मिसिसिपीचा हात कोणी धरणार नाही. अमेरिकेत कसलीही क्रमवारी लागली की शेजारची राज्यं म्हणतात, "मिसिसिपी आहे म्हणून बरं!" तिकडे ती म्हणच झाली आहे. २०२१ मध्ये तिथलं सरासरी आयुर्मान ७०.९ वर्षं होतं, देशात सर्वांत कमी. वेस्ट व्हर्जिनियाचं ७१.० होतं, हे मात्र कोणी बोलत नाही. त्यांच्या वाट्याला दुसरी थट्टा येते: डोंगरातले अडाणी लोक, दारू, ड्रग्ज. यातलं ड्रग्जचं दुर्दैवाने खरं आहे. लोकसंख्येच्या मानाने ओव्हरडोसचे मृत्यू तिथे वर्षानुवर्षं देशात सर्वांत जास्त होत आले. आर्कान्साला लोक एवढी नावं ठेवत नाहीत, कारण तिथे बेंटनव्हिल आहे. वॉलमार्टचं मुख्यालय, वॉलमार्टला माल पुरवणाऱ्यांची ऑफिसं, त्यांच्यामागून आलेली आपली मंडळी, मंदिर, क्रिकेट, शिवाय फुकट बघता येणारं क्रिस्टल ब्रिजेस कलासंग्रहालय. भाच्याच्या डोळ्यांपुढे हेच आर्कान्सा होतं.

गफलत तिथेच आहे. बेंटनव्हिलहून हेलेनाला गाडीने पाचेक तास लागतात. उलट नकाशा मोठा करून पाहिला तर हेलेना आणि क्लार्क्सडेल ही मिसिसिपी नदीच्या दोन बाजूंची गावं, मध्ये जेमतेम तीस मैल आणि एक पूल. दोन्हीकडे डेल्टा म्हणतात तोच नदीकाठचा सपाट प्रदेश, तेच कापूस-सोयाबीन, तीच ओस पडलेली बाजारपेठ, आणि तूरडाळ संपली की सव्वा-दीड तासावरचं तेच मेंफिस. राज्याच्या चकचकीत बाजूला डॉक्टर मिळतात. वेव्हरवाल्याची गरज लागते ती या बाजूला.

मग पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे फरक काय? डॉक्टरसाठी मोठा आहे. गरिबांच्या सरकारी विम्याची, मेडिकेडची, व्याप्ती आर्कान्साने आणि वेस्ट व्हर्जिनियाने २०१४ मध्येच वाढवली. मिसिसिपीने अजून वाढवलेली नाही. समजा पंचेचाळिशीचा मधुमेही आहे, दुकानात तुटपुंज्या पगारावर काम करतो. आर्कान्सात त्याच्याकडे विमा असू शकतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला येईल. पुलापलीकडचा तसाच माणूस पायाचं बोट काळं पडल्यावर इमर्जन्सीत येईल. तीन वर्षं रोज हे बघायचं म्हणजे मन घट्ट हवं.

शाळेच्या बाबतीत मात्र मी तोंडात बोट घातलं. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत २०१३ साली मिसिसिपी ४९व्या क्रमांकावर होतं, २०२४ मध्ये ९व्या. त्यांनी २०१३ मध्ये कायदाच केला: तिसरीच्या मुलाला वाचता आलं नाही तर वर ढकलायचं नाही, आणि शिक्षकांना अक्षर-ध्वनीच्या पद्धतीचं नीट प्रशिक्षण द्यायचं. आठवीत अजून राष्ट्रीय सरासरी गाठलेली नाही, पण चार वर्षांच्या मुलीला आठवीचं काय? वेस्ट व्हर्जिनिया या यादीत तळाला घुटमळतंय.

पाण्यावरून भाचेसून घाबरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथे दीड लाख लोकांचे नळ कोरडे पडले होते. खरंय, पण जॅक्सन डेल्टात नाही. आणि २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या चार्ल्सटनजवळ एल्क नदीत रसायन सांडलं, तेव्हा तीन लाख लोकांना नळाचं पाणी वापरू नका म्हणून सांगावं लागलं होतं.

कोळशाच्या पट्ट्याची गोष्ट एका आकड्यात सांगते. मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली सुमारे ९९ हजार लोक होते, २०२० मध्ये १९ हजार. खाणीत यंत्रं आली, माणसं गेली. घरं स्वस्त, शेजारी प्रेमळ; स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण देशात याच राज्यात सर्वांत जास्त. किराणा मालावर राज्याचा करही नाही. मिसिसिपीत तो अगदी दुधावरही लागतो, जुलै २०२५ मध्ये ७ टक्क्यांवरून ५ वर आला एवढंच. अख्खं वेस्ट व्हर्जिनिया अ‍ॅपलाचिया या डोंगराळ विभागात येतं, म्हणून प्रत्येक राज्याच्या तीस वेव्हरच्या कोट्याबाहेर त्या विभागाच्या आयोगाचा रस्ताही खुला असतो. डेल्टालाही तशी सोय आहे. पण दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या दरीत इंटरनेट कसं चालतं, यावर सुनेची नोकरी अवलंबून आहे. न्यू वृंदावनचं कृष्णमंदिर आणि पिट्सबर्गचं बालाजी मंदिर ऐकायला छान, पण दोन्ही उत्तरेला. दक्षिणेतून जाऊन यायचं म्हणजे मुक्कामच.

माझं मत क्लार्क्सडेलला आहे, मुलीच्या शाळेसाठी आणि मेंफिससाठी. हेलेना त्याच्या पाठोपाठ, विम्यामुळे. भाच्याचा जीव डोंगरात अडकलाय. तो ऑक्टोबरमध्ये मुलाखतीला गेला होता, झाडं लाल-पिवळी झालेली असताना. मी म्हटलं, सही करण्याआधी एकदा फेब्रुवारीत जा, बायकोला घेऊन, आणि तिला तिथे लॅपटॉप उघडून अर्धा दिवस काम करू दे.