सिकलसेल असलेल्या मुलाच्या लक्ष-स्मरण तपासणीचा अनुभव, नागपूर
मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला. पाढे आज पाठ, उद्या साफ विसरलेला, बाई म्हणायच्या आळशी आहे आणि आम्हीपण रागवायचो, त्याचं आता फार वाईट वाटतं. इथल्या तपासणाऱ्या मॅडमनी पहिल्यांदा नीट समजावलं की रक्त कमी असलं की मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, आणि काही मुलांना बारीक स्ट्रोक येऊन जातात जे वरून दिसतच नाहीत, एमआरआयमधेच कळतात. लक्षाची, स्मरणाची टेस्ट दोन तास घेतली, अजिबात घाई नाही. डोक्याची डॉप्लर, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, पण झाली (सिकलसेलच्या मुलांची २ ते १६ वयात दरवर्षी करायची असते, आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही!). एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या त्रासाची) गोळी लगेच नाही दिली, आधी हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) रोज न चुकता, झोप, डोळे तपासा म्हणाल्या, हे मला पटलं. शाळेसाठी चिठ्ठी पण दिली, पुढचा बाक, पाण्याची बाटली जवळ, पेपरला जादा वेळ. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे हे तिथंच कळलं. वेटिंग मात्र खूप, गडचिरोलीकडून येणाऱ्यांनी मुक्कामाच्या तयारीनंच या.