अणू हलताना पाहायचे, पण कशाने? एक्स-रे लेझर, इलेक्ट्रॉन, सिंक्रोट्रॉन की टेबलावरचा लेझर

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून फिजिक्स-केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून पीएच.डी.चा विषय शोधताना रेणूतल्या अणूंच्या हालचालीकडे मन ओढले, की पहिले नाव कानावर पडते ते एक्स-रे फ्री इलेक्ट्रॉन लेझरचे, म्हणजे एक्सएफईएलचे (वेगवान इलेक्ट्रॉनपासून क्ष-किरणांच्या अतिशय आखूड पल्स काढणारे यंत्र). वाटा मात्र चार आहेत. कोणती धरायची हे मशीनच्या नावावर ठरवू नका. नमुना वायू, द्रव की स्फटिक, आणि नेमके काय विचारायचे आहे, यावर ते ठरते.

आधी वेळेचे माप. अणू सेकंदाला 1 किलोमीटर वेगाने सरकतो असे धरले, तर 1 अँगस्ट्रॉम (10चा उणे 10वा घात मीटर) ओलांडायला 100 फेम्टोसेकंद (1 फेम्टोसेकंद म्हणजे 10चा उणे 15वा घात सेकंद) लागतात. बंध तुटणे, अणूंचे कडे (रिंग) उघडणे हे याच टप्प्यातले. हालचाल टिपायची रीत सगळीकडे एकच: लेझरची पंप पल्स (प्रकाशाचा क्षणिक झोत) रेणूला धक्का देते, ठरलेल्या विलंबाने प्रोब पल्स त्याचा ठसा घेते, मग विलंब बदलून पुन्हा तेच. विलंब बदलणाऱ्या सरकत्या मंचावरचा (डिले स्टेज) आरसा 15 मायक्रोमीटर सरकला की जाऊन-येऊन 30 मायक्रोमीटर वाढतात, म्हणजे बरोबर 100 फेम्टोसेकंद.

इंदूरचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे कड्यात इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण देणारे यंत्र. आपल्याला सगळ्यात जवळ तोच. धुळ्याहून आग्रा रोड धरायचा, सेंधवा ओलांडले की इंदूर गाठता येते. तिथल्या आरआरकॅट या संशोधन केंद्राचा इंडस-2 हा 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. पण सिंक्रोट्रॉनच्या पल्स दहा ते शंभर पिकोसेकंदांच्या (1 पिकोसेकंद म्हणजे 1000 फेम्टोसेकंद) असतात. तेवढ्या वेळात अणूंची शेकडो कंपने होऊन जातात आणि चित्र पुसट होते. बनवलेल्या संयुगाची स्थिर रचना किंवा धातूच्या अणूभोवतीचे शेजारी तपासायला उत्तम, कंपने पाहायला नाही. तिथे इन्फ्रारेड एफईएलही आहे. नाव ऐकून घोटाळा करू नका, त्यातून क्ष-किरण निघत नाहीत.

एक्सएफईएल. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेतला एलसीएलएस हा एक्सएफईएल 2009 मध्ये सुरू झाला. मूळ यंत्रात सेकंदाला 120 पल्स, प्रत्येक काही दहा फेम्टोसेकंदांची, तीत सुमारे 1 लाख कोटी, म्हणजे 10चा 12वा घात इतके फोटॉन. हॅम्बर्गजवळचा युरोपियन एक्सएफईएल 2017 पासून चालतो. लांबी 3.4 किलोमीटर, सेकंदाला 27,000 पर्यंत पल्स. जपान, कोरिया, स्वित्झर्लंडमध्येही अशी यंत्रे आहेत, भारतात नाही.

1,3-सायक्लोहेक्झाडाइनचे कडे उघडताना एलसीएलएसवर टिपले, ते काम 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. पंप 267 नॅनोमीटर, क्ष-किरण 8.3 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे. या ऊर्जेला तरंगलांबी जवळजवळ 1.5 अँगस्ट्रॉम पडते. इथेच पहिली अडचण: अशा प्रयोगांत विखुरण किती कोनात झाले हे दाखवणारे माप, क्यू, सहसा 4 प्रति अँगस्ट्रॉमपर्यंतच मोजता येते, त्यामुळे वक्रावरून थेट अंतरे वाचता येत नाहीत, गणिती प्रतिकृतीशी ताडून पाहावे लागते. हायड्रोजन तर दिसतच नाही म्हणा. समोरच्या दिशेला विखुरण इलेक्ट्रॉनसंख्येच्या वर्गाने वाढते. कार्बनचे 36, तर हायड्रोजनचा 1.

दुसरी अडचण वेळेची. पंप लेझर आणि क्ष-किरण यांच्यातला विलंब दर पल्सला शंभरेक फेम्टोसेकंद इकडेतिकडे होतो. म्हणून टायमिंग टूल लावून प्रत्येक पल्सची खरी वेळ नोंदवतात आणि विदा नंतर त्या क्रमाने लावतात. पल्सची तीव्रताही दर वेळी बदलते, तीही सोबत मोजावीच लागते.

पण प्रयोग सर्वांत जास्त बिघडतो तो पंपापायी. फरकाचा संकेत टक्क्याच्याही खाली असतो. रात्रीचे दोन वाजलेत, बीमटाइम (यंत्रावर मिळालेला वेळ) संपत आलाय, आलेख काही उठत नाही, मग कोणीतरी लेझरची ऊर्जा वाढवते. संकेत लगेच दुप्पट होतो आणि सगळे खूश! प्रत्यक्षात रेणूने एकाऐवजी दोन फोटॉन गिळलेले असतात, त्याचा आयन झालेला असतो, आणि आपण भलत्याच रेणूचा सिनेमा काढत बसतो. उपाय कंटाळवाणा आहे: सुरुवातीलाच चार-पाच ऊर्जांवर मोजायचे आणि संकेत ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वाढतो तिथेच थांबायचे. मग भले उत्तेजित रेणू काही टक्केच मिळोत. पंपाचा ठिपका क्ष-किरणांच्या ठिपक्यापेक्षा मोठा ठेवायचा, नाहीतर न हललेले रेणूही मोजले जातात.

द्रावणातले लोहाचे संयुग, प्रथिनाचे सूक्ष्म स्फटिक, जड अणू, किंवा धातूचा स्पिन कधी बदलला असा प्रश्न असेल, तर मात्र एक्सएफईएलला तोड नाही.

इलेक्ट्रॉन विवर्तन. लहान रेणू, वायुरूप नमुना आणि प्रश्न "अणू कुठे आहेत" इतकाच असेल, तर माझे मत इलेक्ट्रॉनच्या बाजूने. इलेक्ट्रॉन क्ष-किरणांपेक्षा लाखो पटींनी जास्त विखुरतात आणि 10 प्रति अँगस्ट्रॉमपर्यंत मोजता येते, म्हणजे बंधांची अंतरे जवळजवळ थेट मिळतात. स्लॅकच्या 3.7 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या यंत्रावर वेळेची अचूकता साधारण 150 फेम्टोसेकंद. त्याहून खाली जाणे अवघड, कारण एका पल्समधले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून पल्स लांबवतात. कमी ऊर्जेच्या यंत्रात आणखी एक दुखणे: इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे पडतात. द्रव नमुना हवा असेल तर निर्वातात शेकडो नॅनोमीटर जाडीचा पडदा धरावा लागतो, तो नवख्याने करायचा उद्योग नव्हे.

टेबलावरचा फेम्टोसेकंद लेझर. टीआयएफआर, आयआयटी मुंबई, आयसर पुणे इथे अशा प्रयोगशाळा आहेत. अणूंच्या जागा थेट कळत नाहीत, फक्त कोणती अवस्था किती वेळात रिकामी झाली ते कळते. पण यंत्र वर्षभर हाताशी असते. एक्सएफईएलवर स्पर्धेतून निवड झाली तर मोजक्या शिफ्ट मिळतात. शिवाय एक्सएफईएलच्या प्रयोगातला पंपही असाच लेझर असतो. तेव्हा सुरुवात इथून. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात अर्थ नाही. जळगाव-भुसावळला असे टेबल मांडायचे तर मे महिन्यातल्या 45 अंशांचा विचार आधी करा. खोली अंशभर जरी वर-खाली झाली तरी आरशांची जोडणी सरकते, एसी आणि यूपीएसचा खर्च प्रस्तावात धरलाच पाहिजे.

अर्ज करण्याआधी एक काम घरच्या लॅपटॉपवर होते. सायक्लोहेक्झाडाइनमध्ये 6 कार्बन, 8 हायड्रोजन, म्हणजे 14 अणू आणि 91 जोड्या. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही अणूंचे विखुरण-गुणांक गुणायचे, त्याला साइन क्यूआर भागिले क्यूआरने गुणायचे (आर म्हणजे त्या दोन अणूंमधले अंतर), सगळ्यांची बेरीज करायची. मग उघडलेल्या हेक्झाट्राइनचा वक्र काढून पहिल्यातून वजा करायचा आणि 5 टक्केच रेणू उत्तेजित झाले असे धरायचे. हाच फरक एकदा 1 ते 4 आणि एकदा 1 ते 10 प्रति अँगस्ट्रॉमच्या खिडकीत पाहा. मग आपला रेणू घालून तेच करा. पहिल्या खिडकीत दोन वेगळ्या रचनांचे वक्र एकमेकांवर बसत असतील, तर क्ष-किरणांचा प्रस्ताव लिहायला घेऊ नका.