बँकॉकला जाणाऱ्यांनो, "पॅलेस आज बंद" म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका

21,500 बाट. कार्डावर पडले 59,328 रुपये, बँकेचा फॉरेन चार्ज धरून. एवढ्याला नीलम म्हणून जे आणलं ते आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या सराफानं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "दादा, तीन-चार हजाराच्या वर कोण देणार नाही की ह्याला."

शेवटचा दिवस होता, बॅगा हॉटेलात ठेवलेल्या, रात्री बेंगळूरचं विमान, म्हटलं निवांत ग्रँड पॅलेस, म्हणजे तिथला राजवाडा, बघू. भिंतीच्या कडेनं जाताना गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एकजण भेटला, पॅलेस दुपारपर्यंत बंद, आत पूजा आहे, तोवर 20 बाटात टुकटुकवाला (तिथला रिक्षावाला) देवळं फिरवेल म्हणाला. पुढं काय, देवळावरनं टुकटुकवाल्यानं नेलं ते थेट खड्यांच्या दुकानात. पण मला राग कशाचा येतोय सांगू? समोरच्या गेटातून छत्री वर धरलेल्या गाईडच्या मागनं परदेशी लोकांची रांग आत जात होती! बायकोनं बोट करून दाखवलं, "अहो ते बघा की, जाऊलालेत आत", तर तो म्हणतो त्यांचं ग्रुप बुकिंग आहे, आणि तेवढ्यावर आम्ही टुकटुकात बसलो. पॅलेस रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो, राजघराण्याचा कार्यक्रम असला तरच बंद. तिकीट 500 बाट. खिडकीपर्यंत स्वतः जा, मधल्या कुणाचं ऐकू नका.

आता म्हणाल एवढा शिकलेला माणूस. अहो, गोव्यात टॅक्सीवाला काजूच्या दुकानापुढं गाडी थांबवतो तेव्हा कमिशन कळतं आपल्याला, मीही खेडवळ नाही. पण गेटवरचा, देवळात शांत बसलेला एक मास्तरासारखा गृहस्थ, दुकानात आधीच खरेदी करत असलेला तमिळ माणूस, तिघं तीन ठिकाणी एकच सांगतात की सरकारी एक्सपोर्ट स्कीमचा आज शेवटचा दिवस, गावाकडं डबल भाव मिळतो, मग कोण कसा संशय घेणार? खडे प्लास्टिकच्या पाकिटात सील करून दिले, वर सोनेरी छापाचं सर्टिफिकेट, घरी पोचेपर्यंत फोडू नका, कस्टमला त्रास होईल. सील फोडू नका म्हटलं की समजा गेले पैसे. टुकटुकवाल्यानं तर 20 बाटसुद्धा घेतले नाहीत, दुकानातनं मिळालेली पेट्रोलची कुपनं खिशात घातली आणि गेला.

इथं आल्यावरचं तर विचारूच नका. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच घातलाय सर, फ्रॉड कसा म्हणायचा. पोलीस स्टेशनला गेलो तर अर्ज कन्नडातून आणा, शेजारच्या अण्णांकडून लिहून घेऊन गेलो तर साहेब नाहीत, साहेब भेटले तर गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनला फोन लावला तर हे ऑनलाईन नव्हे. मग कुठल्या हद्दीत रडायचं आम्ही? परत बँकेत गेलो तर आता म्हणतात खडा खोटा असल्याचं लॅबचं सर्टिफिकेट आणा, मग डिस्प्यूट, म्हणजे पैसे परत मागायची तक्रार, टाकू. म्हणजे आणखी खर्च मीच करायचा, वर कागदावर सही घेतली ती वेगळी.

तिथं असतानाच कळलं तर टुरिस्ट पोलिसांचा 1155 लावा आणि खडे घेऊन लगेच दुकानात परत जा, पैसे सुटायची थोडी आशा तिथंच असते. पावती फेकू नका. आणि कोण "आमच्याकडचा माणूस आहे, ओळखीचं दुकान आहे" म्हणाला तर सरळ चालू पडा, रागावला तर रागावू दे.