बायोफायर रेस्पिरेटरी पॅनेल २.१: सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या प्रौढांनी ही तपासणी कधी करावी?

सर्दीने सुरुवात होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेडका वाढतो, घट्ट आणि गडद होतो, जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर धाप लागते. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, हा फुप्फुसांत चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार असलेल्या प्रौढांना हा क्रम पाठ असतो. आजाराने अशी उचल खाल्ली की डॉक्टर कधीकधी नाकातल्या स्वॅबवरून एकाच वेळी अनेक विषाणू-जिवाणू शोधणारी ही मोठी पीसीआर तपासणी, म्हणजे बायोफायर पॅनेल, लिहून देतात. तपासणी खर्चीक आहे, म्हणून आमचं मत आधीच सांगतो. फ्लूची किंवा कोरोनाची शंका असेल आणि लक्षणं सुरू होऊन दोन दिवस उलटले नसतील, तर जरूर करावी. आठवड्यानंतर केली तर विषाणूचं नाव कळेल, पण उपचारात बहुधा काहीच बदलणार नाही.

सीएफमध्ये कफ मुळातच चिकट, आणि अनेक प्रौढांच्या श्वासनलिकांत स्यूडोमोनास हा जिवाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. विषाणू आला की श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते आणि कफ वर ढकलणारे सूक्ष्म तंतू मंदावतात. ऱ्हायनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूच्या संसर्गात स्यूडोमोनास आपल्या चिकट थरातून, म्हणजे बायोफिल्ममधून, मोकळा सुटतो हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यामुळे ‘विषाणूच आहे, मग अँटिबायोटिक कशाला?’ हा एरवी अगदी योग्य असलेला प्रश्न इथे लागू पडत नाही. अमेरिकेतल्या सीएफ रुग्णांच्या नोंदींत असं आढळलं, की शिरेतून अँटिबायोटिक घेऊनही साधारण चारांतल्या एकाचा एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, आधीच्या पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंतही परत जात नाही. रिपोर्टात विषाणू निघाला म्हणून चालू अँटिबायोटिक स्वतःहून बंद करणं, हा या तपासणीचा सगळ्यात धोकादायक गैरवापर आहे.

आता यंत्राकडे वळू. एका नमुन्याला एक पाऊच लागतो. त्यात रसायनं सुकवून भरलेली असतात. स्वॅब ज्या द्रवात बुडवून आणतात त्यातले ३०० मायक्रोलिटर घेतले जातात आणि यंत्रात पाऊच बसवल्यापासून साधारण ४५ मिनिटांत निकाल येतो. १८ विषाणू लक्ष्यं आणि ४ जिवाणू मिळून एकूण २२ गोष्टी तपासल्या जातात. त्यांत इन्फ्लुएन्झा ए आणि त्याचे उपप्रकार, इन्फ्लुएन्झा बी, आरएसव्ही, मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झाचे चार प्रकार, ॲडेनोव्हायरस, कोरोनाचा सार्स-कोव्ह-२ आणि सर्दीचे चार जुने कोरोनाव्हायरस येतात. जिवाणूंमध्ये डांग्या खोकल्याचे दोन, मायकोप्लाझ्मा आणि क्लॅमिडिया न्यूमोनिये. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने आणीबाणीच्या परवानगीपलीकडे जाऊन नियमित मान्यता दिलेली ही कोरोनाची पहिली चाचणी.

४५ मिनिटं ही यंत्राची वेळ आहे. तुमच्या हातात रिपोर्ट कधी पडेल हे नमुना कुठे जातो यावर ठरतं. यंत्र रुग्णालयातच असेल तर त्याच भेटीत उत्तर मिळतं. घरी येऊन नमुना नेणारी लॅब तो दुसऱ्या शहरात पाठवत असेल, तर फ्लूचं औषध सुरू करण्याची ४८ तासांची खिडकी वाटेतच बंद होते. बुकिंग करताना एवढंच विचारा: यंत्र कुठे आहे, आणि नमुना थंड पेटीतून जाणार का? खोलीच्या तापमानाला नमुना चार तास चालतो, २ ते ८ अंश सेल्सिअसला तीन दिवस.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्वॅब घेताना. हे पॅनेल नाकाच्या मागच्या भागातल्या, घशाला लागून असलेल्या स्वॅबसाठी प्रमाणित आहे. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून काढलेला स्वॅब पुरेसा नाही. आधी नाक शिंकरून मोकळं करा. स्वॅब वर कपाळाकडे न नेता टाळूला समांतर, सरळ मागे जायला हवा. खोली साधारण नाकपुडी ते कान या अंतराच्या निम्मी. तिथे काही सेकंद थांबवून हळूच फिरवायचा. सीएफमध्ये सायनसचा जुनाट त्रास आणि नाकातले मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, सर्रास असतात. स्वॅब अडला तर जोर लावू देऊ नका, दुसऱ्या नाकपुडीतून घ्यायला सांगा. पॉलिप आहेत किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे हे नमुना घेणाऱ्याला आधीच सांगावं, त्याला ते दिसणार नाही. नाकातून देण्याची फ्लूची जिवंत लस नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, लशीतलाच विषाणू पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि प्रतीक्षागृहात दुसरा सीएफ रुग्ण असेल तर दोघांनी मास्क लावून किमान ६ फुटांचं अंतर ठेवायचंच.

इन्फ्लुएन्झा निघाला तर पैसे वसूल झाले. प्रौढांना ओसेल्टामिव्हिर ही फ्लूवरची गोळी ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा सर्वाधिक. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. मूत्रपिंडावर ताण आणणारी टोब्रामायसिनसारखी अँटिबायोटिक शिरेतून वारंवार घेतलेल्यांनी अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवावा. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढतो, त्या महिन्यांत वाट बघत बसू नका. लक्षणं ठळक असतील तर बरेच डॉक्टर रिपोर्टाआधीच गोळी सुरू करतात, आणि ते बरोबर आहे.

कोरोना निघाला तर जास्त सावध राहावं लागतं. नर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे कोरोनावरचं जोडऔषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायचं असतं. पण एलेक्साकॅफ्टर-टेझाकॅफ्टर-आयव्हाकॅफ्टर हे मॉड्युलेटर, म्हणजे सीएफच्या मूळ दोषावर काम करणारं रोजचं औषध, घेणाऱ्यांमध्ये रिटोनाव्हिर यकृतातलं सीवायपी३ए हे एन्झाइम अडवतं आणि मॉड्युलेटरची रक्तातली पातळी खूप चढते. अशा तीव्र अडथळा आणणाऱ्या औषधासोबत प्रौढांसाठी मॉड्युलेटरच्या माहितीपत्रकातली मात्रा अशी: सकाळच्या दोन गोळ्या आठवड्यातून फक्त दोनदा, साधारण तीन-चार दिवसांच्या अंतराने, आणि संध्याकाळची आयव्हाकॅफ्टर पूर्ण बंद. पाच दिवसांचा कोर्स संपला तरी रिटोनाव्हिरचा परिणाम काही दिवस टिकतो, म्हणून नेहमीची मात्रा कोणत्या दिवशी सुरू करायची ते सीएफ डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. हा मुद्दा नवख्या डॉक्टरकडून सुटू शकतो. औषधांची यादी खिशात असू द्या.

ऱ्हायनोव्हायरस, तर सीएफच्या प्रौढांत सर्वाधिक सापडणारा. पॅनेल त्याला एन्टेरोव्हायरस या त्याच्या नात्यातल्या विषाणूंपासून वेगळा ओळखत नाही, दोघांची एकच ओळ येते. त्याच्यावर खास औषध नाही. शिवाय बरं वाटू लागल्यावरही त्याचे अवशेष कित्येक आठवडे नाकात सापडू शकतात, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे आजच्या त्रासाचं कारण हेच, असं धरून चालता येत नाही. पुन्हा तपासून निगेटिव्ह आल्याची खात्री करण्यात अर्थ नाही.

सगळ्या ओळी निगेटिव्ह आल्या तरी निर्धास्त होऊ नका. हे पॅनेल स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस शोधतच नाही. बेडक्याचं कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी, वेगळं द्यावंच लागतं, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. एकाच भेटीत स्वॅब आणि बेडका दोन्ही द्या आणि फॉर्मवर ‘सीएफ’ ठळक लिहायला सांगा, कारण बर्खोल्डेरिया सेपेसिया या सीएफमध्ये घातक ठरू शकणाऱ्या जिवाणूसाठी लॅबला खास माध्यम वापरावं लागतं. साध्या माध्यमावर तो इतरांच्या गर्दीत हरवतो. याच कंपनीचं न्यूमोनिया पॅनेल बेडक्यावर चालतं आणि त्यात स्यूडोमोनास आहे, पण बर्खोल्डेरिया, स्टेनोट्रोफोमोनास आणि अक्रोमोबॅक्टर हे सीएफमध्ये आढळणारे जिवाणू त्यातही नाहीत. सीएफ रुग्णाला कल्चरच्या जागी ते सुचवलं गेलं तर नकार द्यावा.

खर्च झेपत नसेल तर फ्लू आणि कोरोना एवढ्याच दोन विषाणूंची साधी पीसीआर मागा. औषधाचा निर्णय ज्या दोन ओळींवर ठरतो, त्या तिच्यात मिळतात.